वय वाढले तरी नाक तिखटच राहिले आहे; त्याच्यासोबत राहायचे कसे?

मृद्‌गंध

माझे वय ६८ आहे आणि लहानपणापासून माझे नाक अतिशय तिखट आहे. बंद कपाटात ओल धरली आहे, भिंतीवरच्या बटणामागे तार तापते आहे, पुसायचे फडके वरून वाळले असले तरी आतल्या घडीत कुबट वास राहिला आहे, हे घरात सर्वांत आधी मला कळते. मी रसायनांच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. एखाद्या बाटलीचे बूच नीट बसलेले नसेल तर खोलीत पाऊल टाकताच ते माझ्या लक्षात येत असे आणि सहकारी त्यावर विसंबून राहत. त्या काळात मला या नाकाचे ओझे कधी वाटले नाही.

साठीनंतर घ्राणशक्ती मंदावते असे सगळीकडे वाचायला मिळते, आणि मी मनातून त्याची थोडीफार वाटच पाहत होते. प्रत्यक्षात नाक होते तसेच राहिले आणि सहनशक्ती मात्र कमी झाली. पूर्वी शेजारी बसलेल्या माणसाच्या अत्तराचा दर्प आला तरी मी काम चालू ठेवू शकत असे. आता लिफ्टमधून कोणी अत्तर लावून गेले असेल, तर ती व्यक्ती उतरून गेल्यावरही माझे डोके जड होते आणि तो वास बराच वेळ नाकात रेंगाळत राहतो.

यजमानांचे नाक गेल्या काही वर्षांत पुष्कळ मंदावले आहे, पण ते त्यांना मान्य नाही. दाढीनंतर लावायचे सुगंधी द्रव्य ते पूर्वी दोन थेंब घेत. आता तळहात ओला होईपर्यंत ओततात. मी काही म्हटले की ‘तुला भास होतात’ हे उत्तर ठरलेले असते. ज्या गोष्टीचा पुरावा केवळ माझ्या नाकात आहे, ती दुसऱ्याला पटवायची तरी कशी?

आणखी एक गोष्ट लिहिताना संकोच वाटतो. वयाबरोबर माणसाच्या अंगाचा वास बदलतो. उशीचा अभ्रा, स्वेटरची मान, खुर्चीच्या पाठीला लावलेले कापड यांत तो मुरतो, आणि तो यजमानांचा असतो तसा माझाही असतो. ज्यांच्यावर माझी माया आहे त्यांच्याजवळ बसताना माझ्या चेहऱ्यावर काही उमटू नये म्हणून मी सतत जपत असते. त्यात स्कॉटलंडमधील एका परिचारिकेला पतीच्या अंगाच्या वासावरून कंपवाताची चाहूल लागली होती, हे वाचनात आल्यापासून कोणाचा वास बदललेला वाटला की मनात धस्स होते.

या वयात नाक इतके तिखट राहणे हा आजार आहे का, त्याची तपासणी करून घ्यावी का, आणि ज्यांना काहीच वास येत नाही अशा माणसांबरोबर कसे राहावे, याविषयी जाणकारांनी आणि अनुभवी लोकांनी सांगावे, ही विनंती.

श्वासपथ

ताई, मी कान-नाक-घसा विभागात अनेक वर्षे काम केले आहे, त्यामुळे आपल्या पहिल्या दोन प्रश्नांविषयी थोडे सविस्तर लिहितो.

वयाबरोबर घ्राणशक्ती कमी होते हे खरे असले तरी ते समूहाचे सरासरी चित्र आहे, प्रत्येकाच्या नाकाचे भविष्य नव्हे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ५३ ते ९७ या वयोगटातील लोकांची तपासणी करून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत सुमारे एकचतुर्थांश लोकांची घ्राणशक्ती उणावलेली आढळली आणि ऐंशीच्या पुढच्या गटात हे प्रमाण ६२ टक्क्यांच्या वर गेले. याचा दुसरा अर्थ असा, की त्या वयातही तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोकांचे नाक बऱ्यापैकी शाबूत होते. त्याच पाहणीतील आणखी एक आकडा आपल्या यजमानांना जरूर दाखवावा. आपल्याला वास कमी येतो असे स्वतःहून सांगणारे लोक जेमतेम साडेनऊ टक्के होते. नजर अंधूक झाली की अक्षरे पुसट दिसतात, ऐकू कमी येऊ लागले की लोक पुन्हा पुन्हा बोलावे लागते म्हणून कुरकुरतात. नाक मंदावल्याची जाणीव करून देणारे असे काही रोजच्या व्यवहारात नसते. यजमान मान्य करत नाहीत तो हट्ट असेलच असे नाही. त्यांना ते खरोखर ठाऊक नसण्याची शक्यता अधिक आहे.

नाकाच्या छताशी असलेल्या लहानशा अस्तरात वास टिपणाऱ्या पेशी असतात. माणसाकडे वास ओळखणाऱ्या ग्राहकांचे, म्हणजे या पेशींवरील वासाचे रेणू टिपणाऱ्या प्रथिनांचे, सुमारे ४०० प्रकार आहेत. त्यांच्या जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये मांडला आणि त्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या पेशी जन्मभर मरतात आणि नव्याने तयार होतात. वय वाढते तशी ही नवनिर्मिती मंदावते, जागोजागी त्या अस्तराऐवजी साधे श्वसनमार्गाचे अस्तर येते, आणि विषाणूंचे संसर्ग, धूम्रपान, धूळ यांनी झालेली हानी साठत जाते. ज्यांच्या वाट्याला ही हानी कमी आली, त्यांचे नाक टिकते. तेवढ्यावरून त्याला आजार म्हणता येत नाही.

तरीही आपल्या लिहिण्यातील एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो. नाक तसेच आहे आणि सहनशक्ती कमी झाली, असे आपण म्हणता. वास किती कमी प्रमाणात असताना कळतो आणि कळल्यावर तो किती त्रास देतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फिलाडेल्फियातील पामेला डाल्टन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात एकच वास तीन गटांना दिला होता. एका गटाला तो हितकारक असल्याचे, दुसऱ्याला अपायकारक असल्याचे सांगितले आणि तिसऱ्याला विशेष काही सांगितले नाही. तो अपायकारक आहे असे मानणाऱ्यांना तो वेळ गेल्यावरही तीव्रच वाटत राहिला. तो हितकारक मानणाऱ्यांचे नाक त्याला सरावले. म्हणजे ज्या वासाकडे मन धोका म्हणून पाहते, त्याला नाक सहजासहजी सरावत नाही. हा भास नव्हे, कारण तो त्रास खराच असतो. त्याचे मूळ मात्र नाकाच्या पुढे, मेंदूत असते.

शिवाय प्रत्येक दर्प घ्राणपेशींमार्फतच येतो असे नाही. अमोनिया, तीव्र जंतुनाशके, काही अत्तरांतील द्रावके चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या त्रिशाखी चेतातंतूला झोंबतात, आणि ही झोंबणारी भावना बसल्या जागी कमी होण्याऐवजी अनेकदा वाढत जाते. डोळे चुरचुरणे, घसा धरणे, नाक वाहणे अशी लक्षणे असतील तर दम्याच्या आणि नाकाच्या ॲलर्जीच्या दृष्टीनेही तपासावे.

डॉक्टरांकडे लवकर जावे असे प्रसंग मात्र आहेत. आयुष्यभर साधे असलेले नाक अचानक तिखट झाले. ओळखीचा वास भलताच, कुजकट किंवा जळका येऊ लागला. आसपास काही नसताना जळल्याचा वास क्षणभर येतो आणि त्याबरोबर भान हरपल्यासारखे होते. किंवा वासाच्या वाढलेल्या जाणिवेबरोबर थकवा, वजन घटणे आणि त्वचा काळवंडणे ही लक्षणे दिसतात, अशा वेळी थांबू नये. शेवटच्या लक्षणांत मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींचा विकार असू शकतो, तर भान हरपण्याच्या प्रकारात मेंदूविकारतज्ज्ञांचे मत घ्यावे लागते.

तपासणीबद्दल एक सूचना करतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रिचर्ड डोटी यांनी १९८४ मध्ये तयार केलेली, ४० वास खरवडून ओळखण्याची चाचणी प्रसिद्ध आहे. ती यजमानांसाठी उत्तम आहे. आपल्यासाठी तिचा फारसा उपयोग नाही, कारण घ्राणशक्ती कमी आहे का एवढेच ती सांगते. आपली संवेदना खरोखर सरासरीहून तीव्र आहे का, हे पाहण्यासाठी एकच वास उतरत्या प्रमाणात देऊन तो कुठपर्यंत कळतो हे मोजणारी चाचणी मागून घ्यावी.

एक सहचर

मी या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूला उभा आहे. माझे नाक जवळजवळ गेले आहे आणि पत्नीचे आपल्यासारखेच तिखट आहे. ‘तुला भास होतात’ हे वाक्य आमच्याही घरात होते. ते थांबले ते माझी तपासणी झाली आणि निकालाचा कागद दोघांनी एकत्र वाचला तेव्हा. त्यानंतर आमच्यात एक साधा करार झाला. ती म्हणाली की वास येतो आहे, की मी खरेखोटे न करता उठतो आणि शोधतो. कुठे, कसला, कधीपासून, एवढेच विचारतो. सापडले तर बरेच आणि नाही सापडले तरी त्याचा हिशेब ठेवायचा नाही. तिनेही एक गोष्ट मान्य केली आहे: एखादा वास नुसता नकोसा आहे की काळजी करण्यासारखा आहे, हे ती पहिल्याच वाक्यात सांगते. या एका वाक्याने आमचे निम्मे वाद मिटले.

सुगंधी द्रव्याबाबत सांगायचे तर, ज्याला वास येत नाही त्याला पुरे झाले हे कळण्याचा मार्गच नसतो. म्हणून प्रमाण नाकावर न सोडता मापावर सोडावे. तोंडाला बारीक थेंबनळी असलेली बाटली घ्यावी किंवा बिनवासाचे द्रव्य वापरावे. मी दुसरा मार्ग धरला, कारण मला न येणाऱ्या वासासाठी तिने त्रास सोसावा याला काही अर्थ नव्हता.

याहून गंभीर बाब गॅसची आहे. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. १९३७ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन येथील शाळेत साठलेल्या वायूचा स्फोट होऊन सुमारे ३०० जण, त्यांत बहुतांश मुले, मृत्युमुखी पडली. त्यानंतर वायूत उग्र वासाचे द्रव्य मिसळण्याची सक्ती झाली. आजही गळती कळते ती या मर्कॅप्टन नावाच्या द्रव्यामुळे, आणि मंद नाकाच्या वृद्धाला नेमके तेच कळत नाही. घरात एकाचे नाक गेलेले आणि एकाचे तिखट असेल, तर तिखट नाकाचे माणूस नकळत घराचे पहारेकरी होऊन बसते. पत्नी बाहेरगावी जायला नाखूष असे. रात्री उठून स्वयंपाकघरात जाऊन वास घेऊन येत असे. आम्ही गॅसगळतीची आणि धुराची सूचना देणारी यंत्रे बसवली. सिलिंडरमधील वायू हवेपेक्षा जड असतो म्हणून त्याचे यंत्र जमिनीजवळ बसवावे लागते, नळाने येणारा नैसर्गिक वायू हलका असल्याने त्याचे छताजवळ. मला वाटले होते की ही यंत्रे माझ्यासाठी आहेत. प्रत्यक्षात तिची झोप सुधारली. श्वासपथ यांनी वर लिहिलेला प्रयोग वाचून आता त्याचा उलगडा होतो: पहाऱ्यावर असलेले नाक कोणत्याच वासाला सरावत नाही.

मृद्‌गंध

दोघांचेही मनापासून आभार. पहारेकरी हा शब्द मला फार लागू पडला. मी दिवसभर वास घेत नसते, वास तपासत असते, हे कोणी असे स्पष्ट मांडेपर्यंत मला जाणवले नव्हते. साडेनऊ टक्क्यांचा आकडा वाचून यजमान बराच वेळ गप्प बसले आणि मग तपासणीला तयार झाले आहेत.

दोन गोष्टी मात्र अजून सलतात. घरातील आणि बाहेरील वासांपासून बचाव कसा करावा, आणि अंगाच्या वासाविषयी मी जे लिहिले त्याचे काय?

निवांत

माझेही नाक तिखट आहे आणि वय ७४ आहे. आधी अंगाच्या वासाविषयी लिहिते, कारण मलाही त्याचा संकोच वाटत असे.

जपानमधील शिसेडो कंपनीच्या संशोधकांनी २००१ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले. त्वचेवरील स्निग्ध आम्लांचे ऑक्सिडेशन होऊन नॉनेनल नावाचे, किंचित तेलकट, गवतासारख्या वासाचे द्रव्य तयार होते आणि त्यांना ते चाळिशीच्या पुढच्या लोकांतच आढळले. त्या अभ्यासात माणसे मोजकीच होती, पण आपण ज्याला वयाचा वास म्हणतो त्याला एक रासायनिक आधार आहे, एवढे त्यातून कळते. स्वच्छता कमी पडते म्हणून तो येतो असे नव्हे. दुसरा अभ्यास २०१२ चा आहे. त्यात तरुण, मध्यमवयीन आणि ७५ ते ९५ वर्षांच्या लोकांच्या काखेत ठेवलेले कापडाचे तुकडे इतरांना हुंगायला दिले होते. वृद्धांचा वास हुंगणाऱ्यांना वेगळा ओळखू आला, पण तो इतर दोन गटांपेक्षा सौम्य आणि कमी अप्रिय वाटला. कोणाचा वास आहे हे माहीत नसताना दिलेले हे मत आहे. हे वाचल्यावर मला फार हलके वाटले. नकोसेपणा वासात जितका असतो त्याहून अधिक आपण त्याला जोडलेल्या वार्धक्याच्या भीतीत असतो, असे माझे मत झाले आहे.

हे द्रव्य तेलकट असल्यामुळे नुसत्या पाण्याने जात नाही. अभ्रे, स्वेटरच्या माना, टोप्या धुण्याआधी साबणाच्या कोमट पाण्यात बराच वेळ भिजवाव्यात आणि पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नये. सुगंधी साबणाने तो झाकला जातो आणि वर दुसरा वास बसतो, जो आपल्यासारख्यांना अधिक छळतो. वस्तू घेताना एक बारकावा पाहावा. वेष्टनावर ‘वास नाही’ असे लिहिलेल्या काही उत्पादनांत मूळ वास दडपण्यासाठी दुसरे गंधद्रव्य घातलेले असते. म्हणून सुगंधी द्रव्य अजिबात घातलेले नाही असे स्पष्ट म्हटलेले उत्पादन निवडावे आणि घटकांची यादीही वाचावी.

हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांतील साधी सूक्ष्म चाळणी धूळ आणि परागकण अडवते; वासाचे रेणू तिच्यातून निघून जातात. वासासाठी सक्रिय कोळशाचा जाड थर लागतो आणि तो भरला की बदलावा लागतो. ओझोन सोडणारी यंत्रे घेऊ नयेत, कारण ओझोन फुप्फुसांना घातक असतो. समोरासमोरच्या दोन खिडक्या थोडा वेळ उघडण्याइतका परिणाम मला तरी कोणत्याही यंत्राने मिळाला नाही. नाकाखाली मेंथॉलचे मलम लावण्याचा सल्लाही अनेक जण देतात. माझ्या बाबतीत त्याने एका वासाचे दोन वास झाले.

बाहेरच्या वासांसाठी मी जागा निवडायला शिकले आहे. सभेत दाराजवळ बसते आणि लिफ्ट भरलेली असेल तर पुढची धरते. वरचेवर भेटणाऱ्या लोकांना मी अत्तराविषयी सांगते, पण ‘तुमचे अत्तर उग्र आहे’ असे न म्हणता ‘मला सुगंधाने डोकेदुखी होते’ असे सांगते, आणि तेही भेटीच्या आदल्या दिवशी. समोर आल्यावर सांगितले की त्या माणसाला काहीच करता येत नाही आणि तो उगाच ओशाळतो. परक्यांना मात्र मी काही सांगत नाही. तिथे स्वतः दूर होणे सोपे पडते.

पाणवठा

निवांत यांच्याशी बहुतांशी सहमत आहे, पण एका बाबतीत वेगळे लिहावेसे वाटते. मनाने धोका मानणे सोडले की नाक सरावते, असा श्वासपथ यांच्या लिहिण्याचा अर्थ निघतो; तो अर्धशिशीच्या रुग्णाला लागू पडत नाही. अर्धशिशीत वास असह्य होणे हे एक ओळखीचे लक्षण आहे, इतके की साध्या ताणाच्या डोकेदुखीपासून ती वेगळी ओळखताना डॉक्टर मुद्दाम त्याविषयी विचारतात. माझ्या बाबतीत काही वास झटक्याला निमित्त होतात, आणि कधी उलट घडते: झटका येऊ घातलेला असतो म्हणून नेहमीचा साधा वासही सहन होत नाही. मृद्‌गंध ताई, डोके जड होते तेव्हा उजेड नकोसा होतो का, मळमळते का, एकाच बाजूला ठणकते का, हे आपण लिहून ठेवावे आणि डॉक्टरांना दाखवावे. उत्तर होय असेल तर औषधोपचार उपलब्ध आहेत आणि नुसते सहन करत बसण्याचे कारण नाही.

श्वासपथ

पाणवठा यांची दुरुस्ती योग्य आहे आणि ती मी आधीच लिहायला हवी होती.

कंपवाताविषयीचे उत्तर राहिले आहे. आपण वाचले ते जॉय मिल्न यांच्याविषयी असावे. पतीच्या अंगाला येणारा कस्तुरीसारखा वेगळा वास त्यांना निदानाच्या सुमारे बारा वर्षे आधी जाणवला होता, पण त्याचा अर्थ त्यांना तेव्हा लागला नव्हता. पुढे कंपवाताच्या रुग्णांच्या एका मेळाव्यात तोच वास अनेकांच्या अंगाला आल्यावर त्यांनी दोन्हींचा संबंध जोडला. एडिंबरा येथे त्यांना रुग्णांचे आणि निरोगी लोकांचे अंगरखे हुंगायला दिले गेले. निरोगी गटातील ज्या एका माणसाविषयी त्या ‘चुकल्या’ होत्या, त्यालाही काही महिन्यांनी कंपवात असल्याचे निदान झाले. मँचेस्टर येथील पर्डिटा बॅरन यांच्या गटाने नंतर त्वचेवरील तेलकट स्रावात त्याच्याशी संबंधित द्रव्ये शोधली. ही हकीकत खरी आहे, पण तिची घडण नीट पाहावी. एकच विशिष्ट वास अनेक रुग्णांत पुन्हा पुन्हा ओळखता आला आणि त्याची नियंत्रित परीक्षा झाली, म्हणून त्याला अर्थ आला. वास नुसता बदलणे हे निदान नव्हे. नवे औषध, हिरड्यांचा विकार, आहारातील फरक, घाम वाढणे यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. बदल टिकून राहिला आणि सोबत दुसरे काही लक्षण दिसले, तर त्या व्यक्तीला सर्वसाधारण तपासणी करून घ्यायला सांगावे, त्यापुढचा अर्थ आपण लावू नये.

यजमानांच्या तपासणीत घ्राणशक्ती उणावलेली निघाली तर डॉक्टर बहुधा वासाचा सराव सुचवतील. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे, लक्षपूर्वक हुंगायचे असतात. सर्वांना लाभ होतो असे नाही, वयोमानाने मंदावलेल्या नाकात तो मर्यादितही असतो, पण त्यात अपाय नाही. फक्त आपल्या घरात हा सराव उघड्या खिडकीजवळ, आपण दुसऱ्या खोलीत असताना व्हावा, आणि बाटल्यांची झाकणे घट्ट लागली आहेत ना हे त्यांनी बोटांनी फिरवून पाहावे, कारण ते नाकाने त्यांना कळणार नाही.